अपघातात आपलीही थोडी चूक असेल तर भरपाईचे काय होते? इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा भागांतून अपघाताचे कागद घेऊन माझ्याकडे येणारी माणसे बहुधा पहिल्या पाच मिनिटांतच आवाज खाली आणून म्हणतात, "तसं पाहिलं तर चूक आमचीही होती." हे वाक्य प्रामाणिकपणाचे असते, पण कायद्यात त्याचा अर्थ बोलणाऱ्याला वाटतो तेवढा सरळ नसतो. पुढील उत्तरे मुख्यतः मध्य प्रदेशातील मोटार अपघात दाव्यांविषयी आहेत; रेल्वे, वीज आणि कारखान्यातील अपघातांचे नियम वेगळे असल्याने त्यांचा विचार शेवटाकडे केला आहे.

माझी चूक होती असे मीच मानतो. मग दावा करण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे. जखमी व्यक्तीची स्वतःची हयगय अपघाताला काही अंशी कारण ठरली, तर तेवढ्या अंशाने भरपाई कमी होते, दावा बुडत नाही. याला अंशदायी हयगय म्हणतात. आपल्याकडील न्यायालयांत चालणाऱ्या हिंदी कागदांवर हीच गोष्ट "योगदायी उपेक्षा" या नावाने येते.

"चूक असली की काहीच मिळत नाही" ही समजूत मात्र अगदीच निराधार नाही, कारण एके काळी इंग्लंडमध्ये कायदाच तसा होता. 1809 साली तेथील न्यायालयात एका घोडेस्वाराचा खटला आला. प्रतिवादीने रस्त्यात आडवा बांबू टाकून ठेवला होता, स्वार संध्याकाळी भरधाव आला आणि त्यावर आदळून पडला. जपून आला असता तर बांबू दिसला असता, या कारणावरून त्याला एक पैसाही मिळाला नाही. हा "सगळे किंवा काहीच नाही" असा नियम इंग्लंडने 1945 मध्ये कायदा करून मोडला आणि चुकीच्या प्रमाणात भरपाई विभागण्याची पद्धत आणली.

भारतात असा स्वतंत्र कायदा झाला नाही, आणि येथे आपल्या उच्च न्यायालयाचा उल्लेख अभिमानाने करावासा वाटतो. राज्य परिवहनाची बस आणि मोटारसायकल यांच्या अपघातात मोटारसायकलस्वार मरण पावला होता. 1975 मध्ये छापून आलेल्या त्या निकालात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती जी. पी. सिंह यांच्या लेखणीतून, इंग्लंडचा 1945 चा कायदा येथे लागू नसला तरी न्याय, समता आणि सद्सद्विवेक यांच्या आधारे तेच तत्त्व भारतातही लावले पाहिजे, असे सांगितले. त्या प्रकरणात स्वाराची चूक दोन तृतीयांश धरली गेली, तरीही उरलेल्या एक तृतीयांश रकमेवर त्याच्या कुटुंबाचा हक्क मान्य झाला. म्हणजे बहुतांश चूक आपली असली, तरीही दावा उभा राहतो.

चुकीचे टक्के कोण ठरवते आणि कशाच्या आधारे?

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवते; इंदूरमध्ये ते एम. जी. रोडवरील जिल्हा न्यायालयातच बसते. विमा कंपनीचा सर्वेक्षक, पोलीस चौकीतील हवालदार किंवा अपघातस्थळी जमलेली गर्दी यांच्यापैकी कोणालाही टक्के ठरवण्याचा अधिकार नाही.

आवेदकाची, म्हणजे दावा करणाऱ्याची, चूक होती असे ज्याला म्हणायचे आहे, त्याने ते आपल्या उत्तरात स्पष्ट लिहावे लागते आणि पुराव्याने सिद्धही करावे लागते. फौजदारी खटल्यासारखी निःसंशय सिद्धता येथे लागत नाही, कोणती बाजू अधिक संभवनीय वाटते एवढेच पाहिले जाते. पण काहीच पुरावा नसताना "दोघांची टक्कर झाली, म्हणून निम्मे निम्मे" असे करता येत नाही. अनुभवाने सांगायचे तर येथे सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा प्रश्न हा असतो की समोरच्या वाहनाचा चालक साक्षीला उभा राहिला का. चूक आवेदकाची होती असे सांगू शकणारा सर्वांत जवळचा साक्षीदार तोच. विमा कंपनीने उत्तरात चार पाने हयगयीवर लिहायची आणि चालकाला मात्र साक्षीला आणायचेच नाही, असे वरचेवर घडते. त्या गैरहजेरीवरून प्रतिकूल निष्कर्ष काढण्याची विनंती युक्तिवादात जरूर करावी.

एफआयआर आणि चालान (येथे अर्थ पोलिसांचे आरोपपत्र) यांना वजन असते, पण ते शेवटचे शब्द नसतात. पोलिसांनी आपल्याच माणसाविरुद्ध गुन्हा नोंदवला असेल, तरी प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराच्या आधारे न्यायाधिकरण वेगळा निष्कर्ष काढू शकते.

पोलिसांच्या "नक्शा मौका"त आमची गाडी चुकीच्या बाजूला दाखवली आहे. आता काय?

या प्रश्नाला सविस्तर उत्तर दिले पाहिजे, कारण मी पाहिलेल्या अनेक दाव्यांतली टक्केवारी या एका कागदावर फिरली आहे.

नक्शा मौका म्हणजे तपास अधिकाऱ्याने घटनास्थळी हाताने काढलेली आकृती. दोन समांतर रेघा म्हणजे रस्ता, बाण म्हणजे दिशा, फुली किंवा "अ" हे अक्षर म्हणजे टक्कर झालेली जागा, आणि खाली दोन-तीन ओळींचे हिंदी वर्णन. रस्त्याची रुंदी बहुधा लिहिलेली नसते, दुभाजक कधी असतो कधी नसतो, आणि मुख्य म्हणजे ही आकृती काढली जाते तेव्हा गाड्या अनेकदा मूळ जागी उरलेल्या नसतात. माझ्याकडील एका प्रकरणात आकृतीतली स्कूटर रस्त्याच्या उजव्या कडेला होती आणि त्यावरून विमा कंपनी निम्मी चूक मागत होती. उलटतपासणीत अधिकाऱ्याला एकच गोष्ट विचारली: आपण पोहोचलात तेव्हा वाहतूक सुरू होती का? त्यांनी सहजपणे हो म्हटले. मग टक्कर रस्त्याच्या मधोमध झाली असताना वाहतूक सुरू कशी झाली, तर लोकांनी स्कूटर उचलून कडेला, म्हणजे ज्या बाजूला चहाची टपरी होती तिकडे, नेऊन ठेवली होती. आकृतीत टपरीही होती, पण तिचा आणि स्कूटरच्या जागेचा संबंध तोवर कोणी लावला नव्हता.

सर्वोच्च न्यायालयानेही 2013 च्या एका निकालात म्हटले आहे की अपघातानंतर वाहने कोठे उभी होती, एवढ्या घटनास्थळाच्या नोंदीवरून कोणाची हयगय सिद्ध होत नाही. म्हणून नक्शा विरुद्ध गेला तर धीर सोडू नये, आणि अनुकूल असला तर त्याच्यावर विसंबूनही राहू नये. शक्य असेल तर पहिल्या दोन दिवसांत कोणा नातेवाइकाने जागेवर जाऊन फोटो काढावेत, जवळच्या दुकानांचे कॅमेरे पाहावेत आणि चित्रण जपून ठेवण्याची लेखी विनंती ठाण्यात द्यावी, कारण अशा कॅमेऱ्यांतील जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. वाहनांच्या यांत्रिक तपासणीचा अहवालही मागून घ्यावा. डावा इंडिकेटर फुटला की उजवा, पुढचे मडगार्ड चेपले की मागचे, हे त्यात लिहिलेले असते आणि बऱ्याचदा ते नक्शापेक्षा खरे बोलते.

टक्केवारीने प्रत्यक्ष रुपयांत किती फरक पडतो?

एक कल्पित उदाहरण घेऊ. सियागंजात छोटा व्यवसाय करणारे 34 वर्षांचे गृहस्थ अपघातात गेले. मागे पत्नी, दोन मुले आणि आई, असे चार अवलंबून. कमाई महिन्याला 24,000 रुपये सिद्ध झाली.

वर्षाची कमाई 2,88,000 रुपये. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या घटनापीठाने, ज्याला वकील "प्रणय सेठी" एवढेच म्हणतात, चाळिशीच्या आतील स्वयंरोजगार असलेल्या व्यक्तीच्या कमाईत भविष्यातील वाढीसाठी 40 टक्के मिळवण्यास सांगितले आहे. त्याने रक्कम 4,03,200 होते. मृत व्यक्तीचा स्वतःवरचा खर्च म्हणून, चार अवलंबून असताना, एक चतुर्थांश वजा केला की 3,02,400 उरतात. 2009 च्या "सरला वर्मा" निकालातील तक्त्याप्रमाणे 31 ते 35 वयासाठी गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचे तो आकडा, 16, म्हणून अवलंबनाची हानी 48,38,400 रुपये. अंत्यविधी, मालमत्तेची हानी आणि सहवासाची हानी यांच्या ठरावीक रकमा यात वेगळ्या मिळतात.

आता मृताची चूक 25 टक्के धरली तर या आकड्यातून 12,09,600 रुपये जातात आणि हाती 36,28,800 येतात. 50 टक्के धरली तर 24,19,200. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी महिनोन्‌महिने धावपळ करून महिन्याकाठी दोन हजार जास्त सिद्ध करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्या धडपडीने या उदाहरणात सुमारे चार लाख वाढले असते. चुकीच्या टक्क्यांवरचा एक दुर्लक्षित साक्षीदार त्याच्या तिप्पट रक्कम घेऊन जातो. जखमी व्यक्तीच्या दाव्यातही हाच हिशेब चालतो: उपचार, बुडालेली कमाई, अपंगत्व, वेदना यांची आधी पूर्ण बेरीज आणि मग तिच्यातून चुकीच्या अंशाची वजाबाकी.

हेल्मेट घातले नव्हते. भरपाई कापली जाईल का?

चूक असणे आणि त्या चुकीमुळे अपघात होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या सगळ्या विषयाची किल्ली येथेच आहे. हेल्मेट नसल्याने बस सिग्नल तोडून आली, असे कोणी म्हणू शकत नाही. मात्र हेल्मेट असते तर डोक्याची इजा कमी झाली असती, असा युक्तिवाद करता येतो, आणि तेवढ्यापुरती काही न्यायाधिकरणे कपात करतात, काही करत नाहीत. म्हणून इजा कोठे झाली हे आधी पाहावे. पाय मोडला असेल तर हेल्मेटचा विषय निघायलाच नको. डोक्याला मार असेल तर हेल्मेटमुळे तो नेमका किती टळला असता, हे वैद्यकीय पुराव्याने दाखवण्याची जबाबदारी विमा कंपनीची आहे, हा मुद्दा वकिलाने सोडू नये.

दंड हा निराळा विषय आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 चा भंग झाला म्हणून चालान, म्हणजे दंड, होऊ शकते. त्या चालानाची पावती म्हणजे हयगयीची कबुली नव्हे.

एका मोटारसायकलवर तिघे होते, आणि चालवणाऱ्याकडे लायसन्सही नव्हते. आता तर काहीच उरले नाही ना?

उरले आहे. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असेच प्रकरण होते: मोटारसायकलवर तिघे, मागून कारची धडक, आणि तिघे बसले म्हणून उच्च न्यायालयाने दहा टक्के कापलेले. सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली. तिघांनी बसणे हा कायद्याचा भंग आहे, पण त्या बसण्याचा अपघात घडण्याशी किंवा इजा वाढण्याशी कार्यकारण संबंध दाखवल्याशिवाय त्याला अंशदायी हयगय म्हणता येत नाही. तिघे असल्यामुळे तोल गेला, असा पुरावा आला तर मात्र उत्तर बदलेल.

लायसन्सबाबत 2008 पासून हेच सांगितले जात आहे. लायसन्स नसलेला माणूस आपल्या बाजूने नीट चालला असेल आणि दुसऱ्याने येऊन धडक दिली असेल, तर केवळ लायसन्स नाही म्हणून त्याच्या माथी चूक मारता येत नाही.

रात्री बायपासवर उभ्या असलेल्या ट्रकवर आमची कार मागून आदळली. मागून आदळणाऱ्याचीच चूक असते ना?

असे लोक फार ठामपणे म्हणतात, पण न्यायालये तसे म्हणत नाहीत. 2018 सालचे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. एकात गॅसचा टँकर रात्री रस्त्यात, कोणतेही दिवे किंवा इशारा न लावता, उभा होता आणि कार त्यावर आदळली. उच्च न्यायालयाने निम्मी निम्मी चूक धरली होती. सर्वोच्च न्यायालयाने कारचालकाला पूर्ण मोकळे केले. दुसऱ्यात ट्रक पुढे चालत होता, कार त्याच्यामागे दहा-पंधरा फुटांवर होती, ट्रकने ब्रेक लावला आणि कार आदळली. तेथे पुरेसे अंतर न ठेवल्याचा दोष कारचालकावर आला आणि ट्रकचालकाची हयगय धरली गेली नाही.

म्हणजे प्रश्न असे असतात: पुढचे वाहन उभे होते की चालत होते, त्याचे मागचे दिवे किंवा रिफ्लेक्टर लागलेले होते का, कडेला घेतले होते की मार्गिकेतच होते, आणि मागच्याला ते किती अंतरावरून दिसू शकत होते. राऊ ते तेजाजीनगर या पट्ट्यातून रात्री गेलेल्या कोणालाही दिवे बंद करून कडेला, अर्धे डांबरावर, उभे असलेले ट्रक ठाऊक आहेत. अशा अपघातात ट्रकच्या मागील बाजूचा फोटो, रिफ्लेक्टरची पट्टी दिसेल असा, त्याच रात्री मिळाला तर तो दहा साक्षीदारांच्या तोडीचा असतो.

मी स्कूटरवर मागे बसले होते, चालवत माझा मुलगा होता. थोडी चूक त्याची, थोडी बसवाल्याची. माझी भरपाई मुलाच्या चुकीमुळे कमी होईल का?

होणार नाही, आणि येथे पुष्कळ कुटुंबे विनाकारण नुकसान सोसतात. आपली स्वतःची काही चूक नसेल आणि दोन वाहनांच्या चुकीमुळे आपल्याला इजा झाली असेल, तर ती संयुक्त हयगय. अंशदायी हयगय म्हणजे जखमीची स्वतःची चूक, संयुक्त हयगय म्हणजे इतर दोघांची किंवा अधिकांची. श्रावण सोमवारी उज्जैनहून परतताना लवकुश चौकात मायलेकांच्या स्कूटरला बसने उडवले आणि चूक साठ-चाळीस ठरली, तर मुलाच्या स्वतःच्या दाव्यातून त्याचे चाळीस टक्के जातील. आईला मात्र पूर्ण रक्कम बसमालक आणि त्याची विमा कंपनी यांच्याकडून मागता येते.

"मुलाला आणि त्याच्या विमा कंपनीलाही पक्षकार करा, नाहीतर दावा चालणार नाही" असा आक्षेप विमा कंपनी घेते. याचे उत्तर मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने पूर्वीच दिले होते आणि 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले: संयुक्त हयगयीत जखमी व्यक्ती चूक करणाऱ्यांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम घेऊ शकते. पैसे भरणाऱ्याने दुसऱ्याचा वाटा नंतर त्याच्याकडून वसूल करावा. दोघेही पक्षकार असतील आणि पुरावा पुरेसा असेल, तर न्यायाधिकरण दोघांतले प्रमाण ठरवून देते, जेणेकरून वसुली सोपी व्हावी.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. बसची विमा कंपनी मुलाच्या वाट्याचे चाळीस टक्के पुढे मुलाकडूनच मागू शकते, आणि मुलाच्या स्कूटरची फक्त थर्ड पार्टी (इतरांना झालेल्या हानीपुरती) पॉलिसी असेल तर तिच्यात मागे बसणारी व्यक्ती धरली जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये म्हटले आहे. आईचे पैसे मुलाच्या खिशातून, असे होऊ नये म्हणून स्कूटरची पॉलिसी कपाटातून काढून दावा दाखल करण्याआधीच वाचून घ्यावी.

कारमधील प्रवाशांनाही हेच लागू आहे. चालकाची चूक प्रवाशांच्या नावावर चढवून त्यांची भरपाई कापता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

गाडी चालवणारेच गेले. त्यांची चूक त्यांच्या विधवा पत्नीच्या दाव्यातून वजा होते का?

होय. वारसांचा हक्क मृताच्या हक्कातून आलेला असल्याने त्याच्या चुकीचा अंश त्यांच्या रकमेतूनही जातो. तो गेलेला अंश त्यांच्याच गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून भरून निघत नाही, कारण आपल्याच पॉलिसीसाठी मालक हा तिसरा पक्ष नसतो. त्यासाठी मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो घेतला होता का, हे पॉलिसीच्या हप्त्याच्या तपशिलात दिसते. चूक कोणाचीही असली तरी तो मिळतो.

लहान मुले आणि वृद्ध पादचारी यांना काही वेगळा नियम आहे का?

पाच वर्षांचे मूल चेंडूमागे धावत रस्त्यावर आले, तर त्याच्या हयगयीची भाषाच गैरलागू आहे. मोठ्या मुलाच्या बाबतीत त्या वयाचे साधारण मूल किती समजून वागेल, हे पाहिले जाते. वृद्धांसाठी वेगळा लिखित नियम नाही, पण जेल रोडसारख्या गर्दीच्या रस्त्यावर पादचारी येणार हे चालकाने गृहीत धरूनच चालायचे असते, त्यामुळे "आजी अचानक आडव्या आल्या" हे वाक्य एकट्याने फार काही सिद्ध करत नाही. समोर संकट पाहून घाबरलेल्या माणसाने क्षणात मागे पाऊल टाकावे की पुढे, याचा चुकीचा निर्णय घेतला, तर तो निर्णयही हयगय म्हणून मोजला जात नाही.

रुग्णालयाच्या कागदावर "दारूचा वास" असे लिहिले आहे.

वास म्हणजे मोजमाप नव्हे. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे आणि ती रक्ताच्या किंवा श्वासाच्या चाचणीने सिद्ध होते. वर सांगितलेल्या 2013 च्या निकालात शवविच्छेदनात वास आल्याची नोंद होती. तेवढ्यावरून चूक धरण्यास न्यायालयाने नकार दिला. पण चाचणीत मर्यादेच्या कितीतरी वर आकडा आला असेल आणि गाडी वेडीवाकडी चालत असल्याचे साक्षीदार सांगत असतील, तर कपात होणारच, आणि ती मोठी असेल. अशा वेळी वकिलापासून काही लपवू नये.

चुकीचा वादच नको असेल तर दुसरा मार्ग आहे का?

आहे. मोटार वाहन कायद्याच्या 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या कलम 164 प्रमाणे मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपये मिळतात आणि त्यात कोणाची हयगय हे सिद्ध करावे लागत नाही. पण ही रक्कम स्वीकारली की कलम 166 खालील, म्हणजे हयगय सिद्ध करून मागायचा, मोठा दावा संपतो. वरच्या उदाहरणातील कुटुंबाने, पन्नास टक्के चूक धरली जाईल या भीतीने, 24 लाख सोडून 5 लाख घेणे शहाणपणाचे नाही. जेथे चूक जवळजवळ पूर्ण आपली आहे किंवा कमाई फारच कमी आहे, तेथे या मार्गाचा विचार करावा. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर इजेसाठी 50,000 रुपयांची वेगळी योजना आहे. तिचा अर्ज महसूल अधिकाऱ्यांकडे करायचा असतो.

लोकअदालतीत विमा कंपनी म्हणते, "निम्मी चूक तुमची, निम्म्यावर सही करा." काय करावे?

आधी त्यांना विचारावे की पूर्ण रक्कम किती धरून निम्मी काढली. अनेकदा कमाई कमी धरलेली असते, भविष्यातील वाढ सोडलेली असते, आणि वर चुकीची कपात. म्हणजे एकाच रकमेला दोनदा कात्री. मग विचारावे की निम्म्याला आधार काय. उत्तर केवळ नक्शा मौका किंवा लायसन्स नसणे हे असेल, तर तो आधार किती कच्चा आहे हे वर आलेच आहे. तडजोड वाईट नाही. पंधरा-वीस टक्के सोडून चार वर्षांची वाट वाचत असेल, तर मी स्वतः अनेकांना ती घ्यायला सांगितली आहे. पण लोकअदालतीतील निवाड्यावर अपील नसते, म्हणून सही घरी विचार करून करावी, मंडपातल्या घाईत नव्हे.

दावा कोठे आणि किती दिवसांत करायचा?

अपघात धुळ्याजवळ झाला असला तरी आवेदक इंदूरला राहत असेल, तर दावा इंदूरला करता येतो. धुळ्याला खेपा घालण्याची गरज नाही. मुदत अपघातापासून सहा महिने आहे. या मुदतीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, तरी त्या भरवशावर थांबू नये. पोलिसांनी 48 तासांत पहिला आणि 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. त्याची प्रत मागून घ्यावी, कारण चुकीबाबतची पोलिसांची बाजू त्यात सर्वांत आधी दिसते. निकाल मान्य नसल्यास 90 दिवसांत उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात अपील करता येते, आणि केवळ टक्केवारीच्या मुद्द्यावरही करता येते.

रेल्वे, वीज किंवा कारखान्यातील अपघातातही आपली चूक मोजली जाते का?

बहुतांशी नाही, किंवा फार वेगळ्या तऱ्हेने. गाडीतून पडून प्रवासी दगावला, तर रेल्वे कायद्याच्या कलम 124-अ खाली 8 लाख मिळतात. तो दारात उभा होता हा मुद्दा 2018 च्या निकालानंतर चालत नाही, हेतुपुरस्सर स्वतःला इजा केल्याचे रेल्वेने दाखवावे लागते. आपल्याकडील दावे रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या भोपाळ पीठाकडे जातात. विजेच्या बाबतीत 2002 चा निकाल आपल्याच राज्यातला आहे: रात्री सायकलवरून घरी जाणारा कामगार पावसाच्या पाण्यात पडलेल्या जिवंत तारेने मेला, आणि तार दुसऱ्याच कोणी वीजचोरीसाठी ओढली होती हा वीज मंडळाचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही. पीथमपूरच्या कारखान्यांतील कामगारांसाठी 1923 च्या कायद्यापासून चालत आलेला नियम असा की नशा, सुरक्षा नियमाची मुद्दाम अवज्ञा किंवा यंत्राचे संरक्षक झाकण मुद्दाम काढणे या कारणांनी मालकाला भरपाई नाकारता येते, मात्र मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर याही कारणांनी नाकारता येत नाही. साधा निष्काळजीपणा या यादीत नाही.

आईला हिंदी नीट बोलता येत नाही. न्यायालयात जबाब मराठीत देता येईल का?

साक्षीदाराने आपल्या भाषेत बोलायला हरकत नाही, पण नोंद हिंदीत होते आणि इंदूरमध्ये सगळ्यांनाच थोडे मराठी समजते अशा गृहीतावर भाषांतर तोंडी उरकले जाते. एका काकूंनी सांगितले होते, "बसचा धक्का बसला, मग ह्यांना गाडी आवरली नाही." नोंदीत आले, "मेरे पति गाड़ी संभाल नहीं पाए." धक्का आधी बसला, ही गोष्टच गळाली, आणि उरलेले वाक्य विमा कंपनीने चुकीची कबुली म्हणून वापरले. जबाब वाचून दाखवला जाईपर्यंत सही करू नये. वाचून दाखवताना मराठी आणि हिंदी दोन्ही नीट येणारे वकील शेजारी उभे असावेत, आणि "आवरली नाही"च्या आधी काय झाले, ते वाक्य कागदावर आले आहे का, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.